वादी रममधल्या तीन रात्री, हिशोबासकट

कॅम्पचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकते. खाली तक्रारी आहेत, आणि दहा तंबूंवर एक अख्खं कुटुंब जगतं. माझ्यामुळे त्यांचं एकही गिऱ्हाईक तुटायला नको. जॉर्डनच्या दक्षिणेला वादी रमच्या वाळवंटात असे घरगुती बेदुईन कॅम्प भरपूर आहेत. तुम्ही ज्यात जाल तो बहुधा असाच असेल, म्हणून हे सगळं तुमच्या उपयोगी पडेल.

दोघींचे मिळून तीन रात्रींचे २२० दिनार झाले. त्यात राहणं, रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी, एक जीपची फेरी आणि अर्ध्या दिवसाचं पायी फिरणं. यातले ३० दिनार मी निघायच्या सकाळी भांडून दिले. त्या भांडणात चूक कोणाची होती ते पुढे येईलच. सव्वीस वर्षं मी लोकांचे हिशोब तपासत आलेय, त्यामुळे ते लिहिताना जरा जड जातंय.

आमच्या सहलीला बेत असा नव्हताच. अम्मानला उतरायची तारीख आणि अम्मानहून निघायची तारीख, मधे तेरा दिवस, पाठीवर एकेक सॅक. माझी मैत्रीण भूगोल शिकवते आणि वर्षभर शाळेच्या घंटेवर जगते, म्हणून सुट्टीत तिला आरक्षण हा शब्दसुद्धा चालत नाही. ‘पुढचं पुढे बघू’ हे तिचं उत्तर. मी आग्रहानं एकच गोष्ट आधी घ्यायला लावली: जॉर्डन पास. पेट्रा या प्राचीन शहराच्या दोन दिवसांच्या प्रवेशासकट तो ७५ दिनारांना पडतो. सुटं घेतलं असतं तर व्हिसाचे ४०, पेट्राच्या दोन दिवसांचे ५५ आणि वादी रमच्या प्रवेशाचे ५, म्हणजे बरोब्बर १००. पास देशात पाऊल टाकायच्या आधी काढायचा आणि तिथे किमान तीन रात्री राहायचं, तरच व्हिसाचे पैसे वाचतात. हा माझा विजय मी तेरा दिवस पुरवून पुरवून वापरला.

पेट्रानंतर, त्याला लागूनच असलेल्या वादी मूसा गावाहून वादी रमला थेट मिनीबस आहे, ती सकाळी लवकर सुटते. आमची चुकली. आदल्या दिवशी पेट्रातल्या अद-दैर या डोंगरावरच्या मठाच्या आठशेहून जास्त पायऱ्या चढून-उतरून मैत्रिणीचे गुडघे बोलायला लागले होते, आणि पहाटेच्या गजराला तिनं उशीखाली पुरून टाकलं. मग आम्ही अकाबाला जाणाऱ्या मिनीबसमध्ये बसलो आणि राशिदियाच्या फाट्यावर उतरलो. तिथून रम गाव सुमारे ३० किलोमीटर. वाटेत रास अन-नक़बला पठार एकदम संपतं आणि खाली लालसर धुक्यात डोंगरांची बेटं दिसायला लागतात, तेव्हा बसमधली शेळीच्या पिल्लाएवढी पिशवी मांडीवर घेतलेली बाई माझ्याकडे बघून हसली. तिला ते रोजचंच असणार. माझं तोंड मात्र उघडं राहिलं होतं.

फाट्यावर पन्नास मिनिटं उभं राहिल्यावर एक पिकअप थांबली. मागे पाण्याचे कॅन, काकड्यांच्या गोण्या आणि एक गुंडाळलेली गादी. चालवणारा विशीतला मुलगा. त्याच्या काकाचा कॅम्प होता. आम्हाला कॅम्प हवा होता. आमचं आरक्षण झालं ते असं.

गावाकडे जाताना वाटेतल्या व्हिजिटर सेंटरला थांबून पास दाखवावा लागतो. तिथे जीपच्या फेऱ्यांचे दर लावलेले आहेत, आणि ते दर गाडीमागे असतात. कॅम्पवाले बरेचदा माणशी सांगतात. दोन्ही आकडे ऐकले की विचारा: गाडीचे की माणसाचे? मी विचारलं. मला वाटलं, आता फसायला जागाच उरली नाही.

गावात त्यांच्या घरी आधी चहा झाला. काळा, सेजची पानं घातलेला, आणि इतका गोड की दात शिवशिवावेत. त्या पानांना ते मरमिया म्हणतात. यजमान, म्हणजे मुलाचे काका, पन्नाशीचे, शांत, लाल चौकटीचा शमाग डोक्याला. भिंतीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा लटकत होता, त्यावर अरबीत हातानं लिहिलेले दर. मी उठून वाचायला गेले. अक्षर येत नाही, पण आकडे ओळखीचे वाटले. आपल्याच २ सारखा एक २, आपल्याच ३ सारखा ३. माझी कॉलर ताठ. रात्रीच्या मुक्कामाच्या ओळीपुढचा आकडा मी वहीत टिपून घेतला: माणशी २०, दोन जेवणांसह. यजमान तोंडानंही काहीतरी म्हणाले होते, पण त्या वेळी पुतण्या गाडीतून काकड्या उतरवत ओरडत होता आणि मला माझ्या वाचनाचा अभिमान झाला होता.

आता कॅम्प. गावापासून वाळूतून वीसेक मिनिटं, एका उभ्या कड्याच्या पायथ्याशी, त्यामुळे दुपारी तीननंतर सावली. हे फार महत्त्वाचं आहे, फोटोत कळत नाही. कॅम्प निवडताना दुपारची सावली कुठे पडते ते विचारा. तंबूत दोन लोखंडी पलंग, पातळ गाद्या, प्रत्येकी दोन जड ब्लँकेटं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही लागली, पहाटे तर मी सॅकमधलं जॅकेटही चढवलं. दाराला चेन नाही, दोरीचा फास. वाळू सगळीकडे. उशीच्या अभ्र्यात, टूथब्रशात, माझ्या वहीच्या शिवणीत. त्याची तक्रार करणाऱ्यानं वाळवंटात जाऊ नये.

न्हाणीघराची तक्रार मात्र मी करणारच. तंबूपासून चौसष्ट पावलांवर दगडी खोली, तिच्यात तीन संडास आणि दोन शॉवर. (मी पावलं मोजते. सवय.) तीनपैकी एकाची कडी लागत नव्हती आणि दुसऱ्याची टाकी रात्रभर गळत होती. पाणी इथे टँकरनं येतं. ज्या जागी लोक हात धुवायला बाटलीतलं चमचाभर पाणी वापरतात, तिथे टाकी गळू देणं मला बघवेना. दुसऱ्या दिवशी मीच पुतण्याला नेऊन दाखवलं. त्यानं ‘मा फी मुश्किला’ म्हणून वायर बांधली. म्हणजे काही मुश्कील नाही. तिसऱ्या दिवशी परत गळायला लागली.

सौरदिवे दहाच्या सुमाराला मालवतात. मोबाईलला रेंज येते ती फक्त कड्याच्या डावीकडच्या खडकावर चढल्यावर, आणि तिथे संध्याकाळी रांग लागते. दरीच्या पलीकडे एक मोठा कॅम्प आहे, पारदर्शक घुमटांचा. त्यांचे दिवे रात्रभर चालू. चांदण्या बघायला काचेचा घुमट बांधायचा आणि भोवती मंगल कार्यालयासारखी रोषणाई करायची, हे गणित मला सुटलेलं नाही. आमच्या बाजूला काळोख होता. चांदण्यांबद्दल प्रत्येक जण लिहितो, मी लिहीत नाही.

जेवण. मी अंडं खाते, मांस खात नाही, त्यामुळे याबद्दल नीट लिहिते. रात्रीचं मुख्य पक्वान्न ज़र्ब. जमिनीत पुरलेलं पिंप, तळाशी निखारे, त्यात मजल्या-मजल्याची लोखंडी जाळी उतरवतात, वर झाकण, झाकणावर घोंगडी, घोंगडीवर वाळू. दोनेक तासांनी वाळू बाजूला सारून जाळी वर काढतात, तेव्हा सगळे मोबाईल घेऊन भोवती. कोंबडी, मटण, बटाटे, कांदे, गाजरं एकाच भट्टीत असतात आणि चरबी खालच्या मजल्यावर ठिबकते, ही गोष्ट शाकाहारी माणसाला कोणी आपणहून सांगत नाही. मी सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी माझ्या भाज्या वेगळ्या ताटलीत घालून सर्वांत वरच्या जाळीवर ठेवल्या आणि ताटली काढताना यजमानांनी ती आधी माझ्या हातात दिली, मग बाकीच्यांचं. भट्टी तीच, धूर तोच. ज्यांना तेही चालत नसेल त्यांनी मसुराचं सूप, हम्मस, भात आणि वांग्याचं मुतब्बल यावर राहावं, पोट उत्तम भरतं. मुतब्बल म्हणजे आपलं भाजक्या वांग्याचं भरीत, फोडणीऐवजी तिळाची पेस्ट. तो बटाटा मात्र मी विसरणार नाही. साल सुरकुतलेलं, आत लोण्यासारखा, आणि धुराचा वास थेट गाभ्यापर्यंत.

न्याहारी साधारण. उकडलेली अंडी, लबने म्हणजे घट्ट चक्का, ऑलिव्हच्या तेलाबरोबर खायची ज़ातर नावाची तीळ-पाल्याची पूड, जॅम, आणि चांदीच्या कागदातलं तिकोनी चीज. तिन्ही दिवस तेच, त्याच क्रमानं.

जीपची फेरी पहिल्याच संध्याकाळी केली. चार तास, ४० दिनार, गाडीचे. टोयोटा पिकअपच्या मागच्या हौद्यात दोन बाकं, वर ताडपत्री. या कॅम्पनं विकलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही सर्वांत कमी आवडली, आणि दोष पूर्णपणे त्यांचा नाही. सगळ्यांच्या गाड्या त्याच त्याच ठिकाणी त्याच वेळी जातात. झरा, लाल वाळूचा डोंगर, खज़अली घळ, दगडी कमान, सूर्यास्त. प्रत्येक थांब्यावर चहाचा तंबू, प्रत्येक तंबूत विकायला साबण, अत्तर, शमाग. पंधरा मिनिटं झाली की पुतण्या ‘यल्ला’, म्हणजे चला, म्हणे. त्याचा ब्लूटूथ स्पीकर बंद करायला मैत्रिणीनं आधी खुणेनं सांगितलं, मग हात जोडले, मग शाळेतला आवाज काढला. बंद झाला.

खज़अलीची घळ इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. आत दोन हजार वर्षांच्या आसपासची अक्षरं आणि चित्रं कोरलेली आहेत: थमुदी या जुन्या अरबस्तानी लिपीतल्या ओळी, जनावरं, बाळंत होणारी बाई, आणि पावलांची एक जोडी. युनेस्कोनं २०११ मध्ये हे सुमारे ७४० चौरस किलोमीटरचं रान जागतिक वारशात घेतलं. त्यात अशी २५,००० चित्रं आणि २०,००० लेख नोंदलेले आहेत. मी त्या पावलांपाशी थांबले. तळव्याएवढीच होती, बोटं नीट पाच-पाच मोजून कोरलेली. कोणीतरी इथे उभं राहिलं आणि त्याला वाटलं की याची नोंद झाली पाहिजे. मला तो माणूस आपल्यातला वाटला. तेवढ्यात मागच्या गटातल्या कोणीतरी ‘पुढे सरका’ अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं.

एकाच रात्रीसाठी येणाऱ्या बहुतेकांना हीच फेरी मिळते, आणि सकाळी चीज खाऊन ते निघतात. आम्हीही तसेच निघणार होतो. पण दुसऱ्या दिवशी वारा आला.

सकाळी जाग आली ती तंबूच्या कापडाच्या फडफडाटानं. बाहेर डोकं काढलं तर समोरचा डोंगर नाही. आभाळ पितळी, सूर्य ओल्या पापडासारखा. दातांखाली कचकच. वसंतात असा दक्षिणेकडून गरम, धुळीचा वारा येतो, खमसीन म्हणतात. कॅम्पात एक परदेशी जोडपं होतं. त्यांची अकाबाहून पुढची तिकिटं ठरलेली, त्यामुळे बिचारे तोंडाला फडकी गुंडाळून हौद्यात बसले आणि दहा सेकंदांत दिसेनासे झाले. आमचं कुठे काय ठरलं होतं? मैत्रिणीनं माझ्याकडे फक्त बघितलं. तेरा दिवसांत त्या एका नजरेला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मधला मोठा तंबू त्या दिवशी घर झाला. त्याची वाऱ्याकडची बाजू खऱ्या बकरीच्या केसांची आहे, हातमागावर विणलेली. बाकीच्या बाजू बाजारचं कापड. या तंबूला ते बैत शार म्हणतात, केसांचं घर. भिजलं की केस फुगतात आणि विणीतली भोकं बुजतात. वाऱ्यालाही फरक पडतो तो मी गालावर तपासला: कापडाकडे बसलं की धूळ, केसांकडे बसलं की नुसता आवाज.

यजमानांनी वेलदोड्याची कॉफी केली. कप इवलासा, घोटभरच ओततात, आणि रिकामा कप नुसता परत केला की पुन्हा भरतात. पाचव्या कपाला माझं काळीज धडधडायला लागलं तेव्हा पुतण्यानं दाखवलं: कप मनगटातून जरा हलवायचा, म्हणजे पुरे. हे पहिल्या कपाला सांगायला हवं होतं.

मग पत्ते निघाले. त्यांचा तर्नीब नावाचा खेळ आहे, चौघांचा, जोड्या-जोड्यांनी. आम्ही त्यांना मेंढीकोट शिकवला. भाषेची अडचण येईल असं वाटलं होतं, पण ‘हुकूम’ म्हटल्याबरोबर यजमानांनी मान डोलावली. हुकूम त्यांचाच शब्द. चार दश्श्या गोळा करायच्या हे पुतण्याला दहा मिनिटांत कळलं, आणि तिसऱ्या डावाला काका-पुतण्यांनी आमच्यावर कोट चढवला. तीस वर्षांत माझ्यावर कोट चढल्याचं आठवत नाही. मैत्रीण म्हणाली, “अगं, तू बदामाची राणी का धरून बसलीस?” मी म्हटलं, कॉफीमुळे.

त्या दिवशी वारा पाचला पडला. ती रात्र धरून जास्तीच्या दिवसाचे त्यांनी फक्त राहण्या-जेवण्याचे पैसे लावले. दुपारचं डाळ-भाकरीचं जेवण, दिवसभराचा चहा, कॉफी, यांचा एक पैसा नाही.

तिसऱ्या दिवशी जीप नको म्हटलं आणि चालायला नेणारं कोणी आहे का विचारलं. ही या कॅम्पची खरी विकण्यासारखी गोष्ट, आणि ती त्यांच्या पुठ्ठ्यावर नाहीच. यजमानांचे थोरले भाऊ आले. साठीच्या पुढचे, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात पाण्याची एक बाटली आणि किटली. माणशी १५ दिनार. मी बूट, दोन काठ्या आणि तीन लिटर पाणी घेऊन तयार. त्यांनी माझ्या काठ्यांकडे बघितलं आणि अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

ते बोलत नाहीत. इंग्रजी दहा शब्द, आमची अरबी आठ. पण चालता चालता थांबतात आणि बोट दाखवतात. वाळूवर शिवणीच्या टाक्यांसारखी रेघ: किडा. तिच्याशेजारी दोन बाजूंना बोटांचे ठसे आणि मधे शेपटीची फरफट: सरडा. पुढे दोन्ही खुणा एकत्र आल्या, आणि तिथून पुढे फक्त सरड्याचीच गेलेली. मैत्रीण उकिडवी बसून बघत राहिली. म्हणाली, “हिशोब पूर्ण.”

एका ठिकाणी बुटकं झुडूप होतं, पानं म्हणावीत तर नाहीत, नुसत्या हिरव्या गाठी-गाठींच्या काड्या. अजरम म्हणाले. मूठभर काड्या तोडल्या, दगडावर दगडानं ठेचल्या, माझ्या तळव्यावर ठेवल्या, वर बाटलीतले आठ-दहा थेंब पाणी. ‘चोळ’ अशी खूण. चोळलं तर हिरवट फेस आला, खरोखरचा, आणि तीन दिवसांची काजळी मनगटापर्यंत उतरली. “साबून,” आजोबा म्हणाले. “साबण!” मी ओरडलेच. त्यांनी परत म्हटलं, मी परत म्हटलं. मग दोघंही एकमेकांची परीक्षा घ्यायला लागलो. चहा हातात घेऊन ‘सुक्कर’, मी म्हटलं ‘साखर’. हा एक शब्द आपल्याकडून त्यांच्याकडे गेलेला, पण ते सांगण्याएवढी अरबी माझ्यापाशी नव्हती. तारीख जमली. किताब जमलं. ‘हिसाब’ म्हटल्यावर त्यांनी दोन बोटं एकमेकांवर घासली, पैशांची खूण, आणि हसले.

मैत्रिणीचा दिवस डोंगरांनी सार्थकी लावला. पायथ्याला काळसर, कणीदार ग्रॅनाइट, त्यावर उभा चढलेला तांबडा वालुकाश्म, आणि मधली रेघ पट्टीनं ओढल्यासारखी. पाऊस वालुकाश्मात मुरतो, खाली ग्रॅनाइटला अडतो आणि त्या रेघेवरून बाहेर येतो, म्हणून झरे सगळे एकाच उंचीवर. जबल रमच्या पायथ्याच्या झऱ्याकडे तिनं मला त्या रेघेचा माग काढत नेलं आणि खरंच, जिथे रेघ तिथे हिरवळ. जीपवाल्यानं पहिल्या दिवशी हाच झरा खालून दाखवला होता, तेव्हा आम्हाला एक पाइप आणि चार शेळ्या दिसल्या होत्या.

दुपारी आजोबांनी सावलीत काटक्या पेटवल्या, थाळीत पीठ मळलं, निखारे बाजूला करून भाकरी सरळ गरम राखेत पुरली. उलटली, पुन्हा पुरली, मग बाहेर काढून चपलेवर आपटून राख झाडली. आपल्या रोडग्यांची बहीण. वरून खरपूस, आत जरा कच्ची, सोबत टूना आणि टोमॅटो. मी नुसती टोमॅटोशी खाल्ली. मग ते शमाग तोंडावर घेऊन झोपले. आम्हीही आडव्या झालो. दीड तास काहीही झालं नाही. त्या दीड तासाचे वेगळे पैसे त्यांनी मागितले असते तरी मी दिले असते.

आणि मग चौथ्या दिवसाची सकाळ. मी वही उघडली. दोघी, तीन रात्री, माणशी २०, म्हणजे १२०. जीपचे ४०. चालण्याचे ३०. एकूण १९०. मी नोटा मोजून ठेवल्या. यजमानांनी मोजल्या आणि म्हणाले, २२०.

माझा आवाज किती चढला ते मैत्रिणीनं नंतर सांगितलं. पुठ्ठ्यावर तुम्ही स्वतः २० लिहिलंय, मी डोळ्यांनी वाचलंय, वगैरे. कार्ड चालत नव्हतं, गावात एटीएम नव्हतं, आणि तीन दिवस ज्यांच्या हातचं खाल्लं ते आता पर्यटकाला कापायला निघाले, असं माझ्या मनात येऊन गेलं. यजमान रागावले नाहीत. वाकले आणि बोटानं वाळूत आकडा काढला. मी विजयानं म्हटलं, “बघा! वीस!” त्यांनी मान हलवली. खिशातून पाच दिनारची नोट काढली. एका बाजूला इंग्रजी 5. उलटी केली. दुसऱ्या बाजूला एक छोटं, गोल, गरगरीत शून्य.

त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा असतो. त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. पुठ्ठ्यावर २५ लिहिलं होतं. २ बघून माझा डोळा देवनागरीत शिरला आणि पुढचं त्यानं स्वतःच्या मनानं वाचलं. मैत्रिणीनं न बोलता तिच्या पाकिटातून तीस दिनार काढून माझ्या हातावर ठेवले. या आकड्यांना अरबीत ‘अर्क़ाम हिंदिया’ म्हणतात, हिंदी आकडे, हे पुतण्यानं हसत हसत सांगितलं. म्हणजे आपलेच आकडे आपल्याला उलटे आले. जॉर्डनला जाणाऱ्या मराठी माणसाला माझा एकच सल्ला: दर तोंडी विचारा, बोटांवर मोजून घ्या, आणि वाचता येतंय असं वाटलं तर सावध व्हा. त्यांचा चार आपल्या सहासारखा दिसतो, हेही जाता जाता.

मी माफी मागितली. त्यांनी चहा ओतला.

माणशी रात्रीला २५ दिनार वसूल आहेत का? दोन रात्री तरी राहणार असाल आणि त्यातला एक दिवस मोकळा सोडणार असाल तर नक्कीच. चालायला मिळेल का ते आपण होऊन विचारा, ते सांगत नाहीत. एकच रात्र असेल तर कुठलाही कॅम्प सारखाच, मग न्हाणीघर चांगलं असलेला बघा. लहान मुलं किंवा रात्री दोनदा उठावं लागणारे आई-वडील सोबत असतील तर तंबूपासूनची पावलं आधी विचारून घ्या.

निघताना पुतण्यानं अभिप्रायाची वही पुढे केली. लोकांनी दहापैकी दहा, पाचपैकी पाच असं लिहिलं होतं. मी आकडा लिहायच्या भानगडीत पडले नाही. चांदण्या काढल्या, चार पूर्ण आणि एक अर्धी. त्यानं बोटानं मोजल्या आणि अर्ध्या चांदणीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

“हम्माम,” मी म्हटलं.

“मा फी मुश्किला,” तो म्हणाला, आणि वायर शोधायला गेला.